शंका विचारणारास किती सांगावे?

शिकणाराने शंका विचारली असता त्यास किती सांगावे आणि किती त्याच्यावर सोपवावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ पंतोजींच्या कामाचा दिसतो. वर्तमानपत्राने त्यात कशाला पडावे, असे कित्येक वाचकांस वाटेल. परंतु थोडा विचार केला असता असे दिसून येईल की, ज्याच्या हाताखाली एखादा नवखा उमेदवार आहे असा प्रत्येक दुकानदार, ज्याच्या घरात शाळेत जाणारे मूल आहे असा प्रत्येक गृहस्थ, आणि जिला धाकट्या जावेस किंवा सुनेस संसाराचे चार व्यवहार समजावून द्यावे लागतात अशी प्रत्येक गृहिणी हा प्रश्न रोज सोडवीत असते. फरक इतकाच की तो विचाराने सोडविला जात नाही, लहरीने सोडविला जातो. फुरसत असली म्हणजे आपण सगळेच सांगून मोकळे होतो. डोके तापलेले असले म्हणजे ‘एवढेही समजत नाही काय?’ असे म्हणून विचारणारास वाटेस लावतो. ज्या गोष्टीवर पुढच्या पिढीचे शहाणपण अवलंबून आहे, ती गोष्ट सांगणाराच्या त्या वेळच्या मनःस्थितीवर सोडून द्यावी, हे आम्हास मुळीच प्रशस्त वाटत नाही.

या बाबतीत आपल्यात दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो, विचारले ना, मग सांगून टाका. ज्ञान झाकून ठेवण्यात कसले आले आहे शहाणपण? दुसरा म्हणतो, आम्हास कोणी सांगितले होते? आम्ही पाहून पाहून शिकलो, ठेचा खाल्ल्या, मार खाल्ला. तसे यानेही शिकावे. वरवर पाहता हे दोन्ही पक्ष एकमेकांच्या अगदी उलट दिसतात. परंतु खोलात शिरले तर दोहोंचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे सांगणाराची सोय. पूर्ण उत्तर फेकून दिले की विचारणारा लवकर उठून जातो. दरडावून लावला की त्याहूनही लवकर जातो. दोन्ही रीतींत जे एक काम टळते, ते म्हणजे समोरच्या माणसाचे नेमके अडले आहे कोठे, हे शोधून काढण्याचे. खरे कष्ट त्यातच आहेत, आणि आमच्या मते खरी मदतही तेथूनच सुरू होते.

यांपैकी दुसऱ्या पक्षाचा समाचार आधी घेणे आम्हास अवश्य वाटते. कारण आपल्या देशात त्याचा इतिहास मोठा आणि दुःखदायक आहे. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्यास एकामागून एक प्रश्न विचारीत जाते, तेव्हा फार विचारू नकोस, नाही तर तुझे मस्तक गळून पडेल, अशी तंबी तिला मिळते. गार्गीची थोरवी ही की ती काही वेळाने पुन्हा उभी राहिली आणि दोन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे घेऊनच बसली. परंतु प्रत्येक घरात गार्गी जन्मास येत नाही. महाभारतातील एकलव्यास द्रोणाने शिकविले तर नाहीच, उलट त्याने स्वतः शिकलेल्या विद्येची किंमत म्हणून त्याचा अंगठा मागून घेतला. ‘तुझे तू शिक’ या उपदेशाची ही परमावधी होय! या झाल्या पुराणकाळच्या गोष्टी, असे कोणी म्हणेल, तर अगदी अलीकडच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसारख्या बुद्धिमान विद्यार्थ्यास शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही ती भाषा घेऊ दिली गेली नाही व फारसीकडे वळावे लागले, याचे स्मरण ठेवावे. सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि १८५५ साली कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा चालू केली, तेव्हा त्यांनी मुख्य काम हे केले की, ज्यांस प्रश्न विचारण्याची मुभाच नव्हती त्यांस ती दिली.

हा इतिहास लक्षात घेतला म्हणजे ‘आधी स्वतः प्रयत्न कर, मग विचार’ हा नियम दिसतो तितका निरुपद्रवी नाही, हे कळून येईल. ज्याच्या घरी बाप शिकलेला, आई शिकलेली, कपाटात पुस्तके आणि शेजारी वकील-डॉक्टर, त्यास हा नियम उत्तम आहे. कारण त्याच्या ‘स्वतःच्या प्रयत्नात’ दहा माणसांची न दिसणारी मदत मिसळलेली असते. परंतु जो आपल्या कुळातला शाळेत जाणारा पहिला, त्याने प्रयत्न करावयाचा तो कशाच्या आधारावर? पुष्कळदा त्यास आपले काय अडले आहे हेही नीट शब्दांत मांडता येत नाही. ‘मला काहीच समजत नाही’ एवढेच तो म्हणतो, आणि आम्ही सुशिक्षित म्हणविणारे लोक त्याच्या या वाक्यावरून तो आळशी आहे असा निकाल देऊन बसतो. प्रश्न नीट विचारता येणे हे शिक्षणाचे फळ आहे. ते आधी आणून दाखव, मग शिकवितो, असे म्हणणे म्हणजे पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू नकोस असे म्हणण्यासारखेच आहे. म्हणून आमचा पहिला सिद्धांत हा की, विचारणारास विन्मुख परत पाठवू नये. किती सांगावे याची चर्चा त्यानंतरची.

आता पहिल्या पक्षास वाटेल की आमचे मत आपल्याच बाजूचे आहे. परंतु तसे नाही. हाकलून लावणे हे जसे पाप, तसे सगळे हातात आयते ठेवणे हाही एक प्रकारचा अपकारच होय. फक्त तो गोड असल्यामुळे लवकर ध्यानात येत नाही. अपेक्षित प्रश्नसंच व गाईडे यांचा आपल्या शहरांतून गेली कित्येक दशके केवढा व्यापार चालला आहे, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. पोराने प्रश्न वाचण्याच्या आधी उत्तर वाचावे, आणि ते समजण्याच्या आधी पाठ करावे, अशी ही व्यवस्था. त्यात आता खिशातल्या मोबाईलमध्ये उत्तर देणारे यंत्र आले. त्यास रात्री बारा वाजता विचारा, ते रागावत नाही, कंटाळत नाही, आणि विचारलेले गणित पायऱ्यांसकट सोडवून समोर ठेवते. अशा यंत्रामुळे आता गुरूची गरज उरली नाही, अशी समजूत पुष्कळ आईबापांची होऊ लागली आहे.

या समजुतीची परीक्षा तुर्कस्तानात झालेली आहे. तेथील एका माध्यमिक शाळेतील सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर केलेला गणिताचा प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला. काही वर्गांस सराव करिताना असे यंत्र मोकळे दिले. काहींस तेच यंत्र, परंतु उत्तर न सांगता शिक्षकांनी ठरवून दिलेल्या सूचना क्रमाक्रमाने देईल अशा रीतीने बांधून दिले. आणि काहींस केवळ वही व पुस्तक दिले. सरावाच्या वेळी मोकळ्या यंत्राच्या मुलांचे गुण वही-पुस्तकाच्या मुलांपेक्षा शेकडा ४८ ने अधिक भरले, आणि बांधलेल्या यंत्राच्या मुलांचे तर शेकडा १२७ ने. येथवर ऐकून कोणासही आनंद होईल. परंतु मग यंत्र काढून घेऊन सर्वांची परीक्षा घेतली, तेव्हा मोकळे यंत्र वापरणारी मुले, ज्यांस यंत्र कधी मिळालेच नव्हते त्यांच्याहून शेकडा १७ ने मागे पडली. सूचना देणाऱ्या यंत्राच्या मुलांचे मात्र असे नुकसान बहुतांशी टळले. यंत्र एकच, मुले एकाच शाळेतली, गणितेही तीच. भेद पडला तो केवळ किती सांगितले व कोणत्या क्रमाने सांगितले यामुळे. म्हणजे प्रस्तुतचा प्रश्न यंत्र चांगले की वाईट हा नसून, मदतीचे माप कोणी व कसे ठरवावयाचे, हा आहे.

हे माप कसे असावे, याचे एक फार जुने उदाहरण ग्रीस देशात सापडते. प्लेटोच्या ‘मेनो’ नावाच्या संवादात सॉक्रेटीस एका गुलामाच्या पोरास भूमितीचा प्रश्न घालतो. दोन फूट बाजूचा चौरस आहे, त्याचे क्षेत्रफळ चार. तर याच्या दुप्पट म्हणजे आठ क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू किती? पोरगा म्हणतो, दुप्पट, चार फूट. सॉक्रेटीस त्यास ‘चूक’ म्हणत नाही. आकृती काढून मोजावयास लावतो, आणि क्षेत्रफळ सोळा झालेले पोराच्याच दृष्टीस पडते. मग तो तीन म्हणतो. मोजतो तो नऊ! तेव्हा मात्र आपणास ठाऊक नाही, असे तो कबूल करितो. सॉक्रेटीसाने त्या पोरास काहीच सांगितले नाही, नुसते प्रश्न विचारले, असे या गोष्टीचे तात्पर्य पुष्कळ लोक सांगत असतात. परंतु मूळ संवाद पाहिला तर तसे नाही. पोरगा दोनदा स्वतः चुकून खरोखरीच अडून बसला, तेव्हा चौरसाचा कर्ण सॉक्रेटीसानेच काढून दाखविला आणि त्याचे नावही त्यानेच सांगितले. त्या रेषेवर उभ्या राहिलेल्या चौरसात अर्धे चौरस किती बसतात, हे मोजण्याचे काम तेवढे त्याने पोरावर ठेवले. अडण्यापूर्वी रेषा दाखविली असती तर ती पोरास निरर्थक वाटली असती. अडल्यावरही दाखविली नसती तर पोरगा तेथेच बसून राहिला असता. सांगणाराचे सारे कसब ही वेळ ओळखण्यात आहे.

ग्रीस देशातले कशाला, आपल्याच पेठेतले उदाहरण घ्या. दुकानात नुकताच लागलेला उमेदवार छापील किमतीत समाविष्ट असलेला जीएसटी वेगळा काढावयास बसला आहे. वस्तूची एकंदर किंमत ११८० रुपये, कराचा दर शेकडा १८. तो ११८० चे शेकडा १८ काढून २१२ रुपये ४० पैसे कर लिहितो, आणि मालाची किंमत व कर यांचा मेळ का बसत नाही म्हणून मालकास विचारावयास येतो. एक मालक म्हणेल, ‘एकशे ऐंशी लिही आणि पुढे चल.’ दुसरा म्हणेल, ‘हिशेब येत नाही तर पेढीवर आलास कशाला?’ दोघांच्याही दुकानात उद्या २३६० रुपयांच्या बिलावर पोरगा पुन्हा अडेल. किंवा, जे अधिक वाईट, तो विचारावयाचे सोडून देईल, आणि ११८० रुपयांच्या प्रत्येक नगामागे ३२ रुपये ४० पैसे कर उगाच जास्त लिहिला जाईल. शहाणा मालक काय करील? तो विचारील, ‘हजार रुपयांच्या मालावर शेकडा अठरा कर बसविला तर गिऱ्हाईक किती देईल?’ पोरगा हिशेब करून म्हणेल, ‘अकराशे ऐंशी.’ ‘मग त्यात कर किती?’ ‘एकशे ऐंशी.’ ‘तर तू अठरा टक्के कशावर काढलेस?’ येथे बहुतेक पोरांच्या डोक्यात उजेड पडतो. न पडला तर मालकाने कागदावर शंभर, अठरा आणि एकशे अठरा हे तीन आकडे मांडून दाखवावे, आणि एकशे अठरांतले अठरा भाग कराचे, एवढे सांगून २३६० चा हिशेब त्याच्याकडून करवून घ्यावा. त्याने ३६० हा आकडा स्वतः काढला म्हणजे या बाबतीतले मालकाचे काम कायमचे संपले. यास पाच मिनिटे लागतात; न केले तर वर्षभर दररोज एक मिनिट लागते. कोणता व्यवहार किफायतीचा, हे व्यापारी मंडळींस आम्ही सांगावे असे नाही.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. छापील किमतीत कर धरलेला असतो, ही गोष्ट कितीही बुद्धिमान पोराने कितीही डोके खाजविले तरी त्यास विचाराने कळणार नाही. ती कोणी तरी सांगितलीच पाहिजे. शब्दाचा अर्थ, कायद्याचे कलम, अर्ज कोणत्या कचेरीत द्यावयाचा, एखाद्या गोष्टीचे रूढ नाव काय, या साऱ्या गोष्टी याच जातीच्या होत. त्यांच्या बाबतीत ‘तूच शोध’ म्हणणे हे शिक्षण नव्हे, छळ आहे. तसेच जेथे हातास यंत्र लागण्याची, विजेचा धक्का बसण्याची किंवा औषधाची मात्रा चुकण्याची भीती आहे, तेथे सूचना देत बसू नये. स्पष्ट शब्दांत सगळे सांगावे. उलट जे विचाराने, मोजमापाने किंवा हाताच्या सरावाने साधते, ते मात्र घाई करून शिकणाराच्या हातातून हिसकावून घेऊ नये. सांगावयाचे काय आणि सोडावयाचे काय, यातील मोठा वाटा या एका भेदाने उलगडतो.

राहिला प्रश्न, पायरी किती मोठी ठेवावी हा. १९७६ साली वुड, ब्रूनर व रॉस या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुले लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचावयास शिकत असता शिकविणाराच्या मदतीचे बारकाईने निरीक्षण केले, आणि त्या मदतीस त्यांनी परांचीची उपमा दिली. इमारत चढत असता गवंडी परांची बांधतो, आणि भिंत आपल्या बळावर उभी राहिली म्हणजे काढून टाकतो; परांची हीच इमारत असे कोणी समजत नाही. यांपैकी वुड यांच्या पुढील प्रयोगांतून निघालेला नियम इतका सोपा आहे की तो दुकानात, घरात व शाळेत सारखाच चालेल. शिकणारा अडला तर मदत एका पायरीने वाढवावी. त्याचे साधले तर लगेच एका पायरीने कमी करावी. आधी नुसता प्रश्न विचारावा, मग कोठे पाहावयाचे ते दाखवावे, मग पहिले पाऊल करून दाखवावे, आणि काहीच चालले नाही तर सगळे करून दाखवून तसलेच दुसरे काम त्याच्याकडून करवून घ्यावे. पूर्ण उत्तर देणे वर्ज्य आहे असे आमचे म्हणणे नाही. पूर्ण उत्तर देऊन तेथेच थांबणे वर्ज्य आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला हा की, काही लोक शिकण्यासाठी विचारीतच नाहीत, आपले काम परभारे करवून घेण्यासाठी विचारतात. अशा आयत्या बिळावरील नागोबांस किती पोसावे? असे लोक असतात, हे आम्ही नाकबूल करीत नाही. परंतु त्यांस ओळखण्याची खूण पहिल्या प्रश्नात नसते, दुसऱ्यात असते. एक पायरी दाखविल्यानंतर जो ती चढून पुढचे विचारतो, तो शिकणारा. जो ती न चढता ‘ते असू द्या, उत्तर तेवढे सांगा’ म्हणतो, त्याच्याशी बोलणे वेगळे करावे लागेल. तेही तोडून टाकून नव्हे. त्याची अडचण घाईची आहे की खरोखर आळसाची, एवढे विचारून. रात्रभर काम करून सकाळी वर्गात आलेला पोरगाही असाच बोलतो, हे विसरू नये. पहिल्याच प्रश्नावरून माणसाची परीक्षा करणारा शंभर लबाडांतला एखादा पकडील, परंतु त्यापायी कित्येक प्रामाणिक पोरांचे तोंड कायमचे बंद करून ठेवील.

दुसरा आक्षेप वेळेचा. साठ पोरांच्या वर्गात प्रत्येकाचे अडले कोठे हे मास्तराने पाहावे तरी कसे? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे खापर एकट्या शिक्षकाच्या डोक्यावर फोडणे अन्यायाचे होईल. ज्या समाजास आपली मुले शहाणी व्हावी असे वाटते, त्याने हा भार वाटून घेतला पाहिजे. यासाठी आम्ही तीन सूचना करितो. पहिली, प्रत्येक गावच्या सार्वजनिक वाचनालयाने संध्याकाळचा एक तास व एक टेबल शंका विचारणारांसाठी राखून ठेवावे, आणि तेथे गावातील निवृत्त शिक्षक, हिशेबनीस, अभियंते यांनी आळीपाळीने बसावे. अशी माणसे प्रत्येक गावात आहेत. त्यांस कोणी बोलावीत नाही, एवढेच. दुसरी, व्यापारी मंडळींनी आपल्या हाताखालच्या उमेदवारांस दुकान उघडण्यापूर्वीची वा बंद झाल्यानंतरची पंधरा मिनिटे केवळ विचारण्यासाठी द्यावी, आणि त्या वेळात विचारलेल्या प्रश्नाबद्दल कोणास हसू नये व कोणाचा पगार कापू नये. तिसरी, आईबापांनी मुलाच्या हातात उत्तर देणारे यंत्र द्यावयाचेच असेल तर त्यास उत्तर नव्हे, पुढची पायरी विचारावयास शिकवावे. आणि रोज रात्री एकच प्रश्न करावा, ‘आज तू काय विचारलेस?’ आज गुण किती मिळाले, हे आपण सगळेच विचारतो. काय विचारलेस, हे विचारणारे घर विरळा.

मुलींच्या बाबतीत तर ही शेवटची सूचना विशेष अगत्याची आहे. मुलाने चार प्रश्न केले तर तो चौकस, आणि मुलीने केले तर ती आगाऊ, अशी भाषा अजूनही आपल्या घरांतून ऐकू येते. सावित्रीबाईंनी शाळा उघडून पावणेदोनशे वर्षे उलटून गेली तरी गार्गीस मिळालेली ती तंबी आपण आपल्या मुलींस रोज बारीक आवाजात देतच आहोत. शाळेचे दार उघडे आणि प्रश्नाचे दार बंद, असे असेल तर त्या शाळेत बसण्याचे पुण्य फारसे नाही.

आपण दिलेली मदत योग्य मापाची होती की नाही, हे ताडून पाहण्याचे साधन प्रत्येकाजवळ आहे. आज ज्यास सांगितले तो उद्या तोच प्रश्न घेऊन आला, तर आपण एक तर फार सांगितले किंवा काहीच नीट सांगितले नाही. तो आलाच नाही, तर बहुधा आपण त्यास भिवविले. आणि तो त्याच्या पुढचा, आधीहून अवघड प्रश्न घेऊन आला, तर आपले माप बरोबर होते असे खुशाल समजावे. वाचनालयांचे चालक, दुकानांचे मालक आणि घरांतील कर्ती माणसे यांनी येत्या महिनाभर या कसोटीवर आपले वागणे पारखून पाहावे, आणि वर सुचविलेल्या गोष्टींपैकी निदान एक तरी आपल्या गावात चालू करावी, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.